डोळ्याच्या आतलं रक्त

(गुरुवारच्या आरोग्याच्या कार्यक्रमात वाचलेलं भाषण)

आम्ही आरोग्य गटातल्या चौघी बोलतोय. आवाज तुम्हाला एकीचाच ऐकू येईल, पण लिहिलंय चौघींनी बसून. आणि लिहून झाल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरबाईंना वाचून दाखवलंय. त्यांनी दोन ठिकाणी काट मारली, ती आम्ही मान्य केली.

मागच्या महिन्यात वरच्या वाडीतल्या एक ताई बैठकीला आल्या, त्या डोळ्यावर पदर धरूनच. पदर काढला तर डोळ्याचा पांढरा भाग लालभडक, जास्वंदीच्या फुलासारखा. सगळ्या घाबरल्या. कुणी म्हणालं नजर लागली, कुणी म्हणालं डोळा गेला. ताईंना दुखत नव्हतं, दिसत होतं अगदी नीट. रात्रभर खोकल्याची ढास लागली होती, एवढंच. दवाखान्यात कळलं की डोळ्यावरच्या पातळ पापुद्र्याखाली एक बारीक शीर फुटलीय, आठ-पंधरा दिवसांत ते रक्त आपोआप जिरेल. बीपी मात्र तपासून घ्या म्हणाले. बीपी निघालं १६० वर १००. गोळी सुरू झाली. म्हणजे त्या लाल डोळ्यानं बाईचं भलंच केलं म्हणायचं.

हे सांगायचं कारण असं की बाहेरून दिसणाऱ्या रक्ताला आपण घाबरतो, आणि ते बहुतेक वेळा साधं असतं. मार लागला असेल, डोळा दुखत असेल, दिसायला कमी आलं असेल किंवा पुन्हा पुन्हा तसं होत असेल, तर मात्र दवाखाना गाठायचाच. पण ज्या रक्तानं माणसाला दिसेनासं होतं, ते डोळ्याच्या आत असतं आणि बाहेरून काहीच कळत नाही. डोळा पांढरा स्वच्छ, बुबुळ काळंभोर, माणूस आपल्याकडं बघतोय असं वाटतं, आणि त्याला आपण दिसत नसतो. हे आम्ही पुस्तकातलं सांगत नाही. आमच्याच बचत गटात हे घडलं आणि आम्हाला साडेतीन महिने कळलं नाही.

आमच्या गटाच्या सचिव होत्या, त्यांना आम्ही आक्का म्हणू. त्यांनीच सांगितलंय, "माझं नाव घेऊ नका, पण झालेलं सगळं सांगा. तुमचं चुकलं तेही सांगा." तर तेही सांगणार आहोत.

दोन वर्षांपूर्वीची मार्गशीर्षातली गोष्ट. गुरुवार होता. आक्कांनी घट मांडला, फळं लावली आणि वाकून रांगोळी काढता काढता एकदम डोकं धरून खाली बसल्या. नंतर सांगायच्या, "कुणीतरी मागून डोक्यात दगड घातल्यासारखं झालं." साधी डोकेदुखी चढत जाते, ही एका क्षणात पुरती चढली. दोन उलट्या झाल्या, मान ताठ झाली आणि त्या बेशुद्ध पडल्या. सुनेनं शहाणपणा केला. लिंबू उतरवत बसली नाही, चप्पल हुंगवली नाही, सरळ १०८ ला फोन लावला. साताऱ्यात सिटीस्कॅन झाला, मेंदूच्या भोवती रक्त पसरलेलं दिसलं, तिथून पुण्याला. मेंदूच्या एका धमनीला फुगवटा आला होता, तो फुटला होता. ऑपरेशन करून त्या फुगवट्याला बारीक चिमटा लावला. बावीस दिवस आक्का दवाखान्यात होत्या, त्यातले नऊ दिवस शुद्धीवर नव्हत्या.

आमच्याकडं डाळिंबाच्या बागा आहेत, त्यामुळं ठिबकची नळी सगळ्यांना माहीत आहे. जुन्या नळीला एखाद्या जागी फुगा येतो. पाणी चालू असतं, नळी चालत असते, फुगा कुणाच्या ध्यानात येत नाही. एक दिवस दाब वाढतो आणि तिथंच फुटते. मेंदूच्या धमनीचं तसंच. वाढलेलं बीपी आणि तंबाखूचा धूर ही त्यामागची ओळखीची कारणं. काही घराण्यांत हा फुगवटा जास्त आढळतो. आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये हा आजार जरा जास्तच होतो, हे आम्हालाही नवीन होतं. आक्का विडी ओढत नव्हत्या, पण मिश्री लावायच्या, दिवसातून तीन वेळा. बीपी त्यांनी कधीच मोजलं नव्हतं. मिश्रीनंच झालं असं आम्ही म्हणणार नाही. पण मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तंबाखूनं बीपी चढतं, एवढं पक्कं आहे.

संक्रांतीला आक्का घरी आल्या. चालत होत्या, बोलत होत्या, जेवत होत्या. हळदी-कुंकवाला आम्ही सगळ्या गेलो. आक्कांनी तिळगूळ पुढं केला तो आमच्या हाताच्या बाहेर. खाली पडला. आमच्यातल्या एकीला त्यांनी दुसऱ्याच नावानं हाक मारली. समोर बसलेल्या जावेला विचारलं, "तू कधी आलीस?" ती अर्धा तास समोर होती. आम्ही एकमेकींकडं बघितलं. वाटेत एकच बोलणं, बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

फेब्रुवारीच्या बैठकीला त्या काठी धरून आल्या. म्हणाल्या, वही द्या, मी लिहिते. त्यांनी एका ओळीवर दुसरी ओळ लिहिली. दोनशे रुपये दोनदा चढले. कुणीतरी हसलं. त्या दिवशी आम्ही त्यांच्या हातातून वही काढून घेतली. "आक्का, तुम्ही आता आराम करा," असं गोड बोलून घेतली, पण घेतलीच. पासबुकही मागून घेतलं. त्या काही बोलल्या नाहीत, पुन्हा बैठकीला आल्या नाहीत. आम्हाला वाटलं रुसल्या. घरातले म्हणायचे, दिवसभर भिंतीकडं तोंड करून बसतात.

आणि एकीनंही विचारलं नाही, की आक्का, तुम्हाला दिसतंय का?

तुम्ही म्हणाल, त्यांना स्वतःला सांगता येत नव्हतं का? आम्हीही हेच विचारलं. त्यांचं उत्तर ऐका. शुद्धीवर आल्या तेव्हाच सगळं अंधुक होतं, लालसर काळ्या धुरातून बघावं तसं. तिथं एकदा बोलल्या, तर कुणीतरी म्हणालं, डोक्याचं एवढं मोठं झालंय, होईल हळूहळू. त्यांनी धरलं की हे डोक्याचंच आहे. घरी आल्यावर घरच्यांनी आधीच बागेतला पैसा संपवला होता, कर्ज काढलं होतं. जीव वाचला हेच पुष्कळ, आता डोळ्याचं रडगाणं कशाला लावायचं, म्हणून गप्प बसल्या. अशा कारणानं गप्प बसणारी बाई तुमच्या घरात नाही, असं छातीवर हात ठेवून कुणी सांगेल का?

शोध लावला तो नातीनं. ती चौथीत. मार्चमध्ये शाळेत आरोग्य तपासणीचं पथक आलं होतं. एक डोळा झाकून अक्षरं वाचायची, मग दुसरा झाकून. घरी येऊन पोरीनं तोच खेळ आजीशी मांडला. डावा डोळा झाकला आणि विचारलं, "आज्जी, किती बोटं?" आजी म्हणाली, "कुठायत बोटं?" पोरगी अजून जवळ आली, नाकाला बोट लागेपर्यंत आली. आजीला फक्त उजेड कळत होता. उजवा झाकला तर डाव्यानं हातभर अंतरावरची बोटं दिसली, तीही जाळीतून बघितल्यासारखी. पोरगी ओरडतच आईकडं गेली, "आई, आज्जीचा एक डोळा बंद आहे!"

तेव्हा कुठं सुनेनं दवाखान्याचं कार्ड काढून शाळेतल्या बाईंना दाखवलं. खाली इंग्रजीत एक ओळ होती. घरी सोडल्यावर डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं. ओळ बारीक अक्षरात होती, कुणी वाचली नव्हती, निघताना तोंडी कुणी सांगितली नव्हती. गोळ्यांचं पान तेवढं सगळ्यांना पाठ होतं.

आता डोक्यात फुटलेल्या शिरेचं रक्त डोळ्यात कसं आलं, ते सांगतो. आम्हाला आधी वाटलं होतं, डोक्यातलं रक्त ओघळून डोळ्यात उतरलं असेल. डॉक्टरबाईंनी पहिली काट तिथंच मारली. तसं साधारणपणे होत नाही, म्हणाल्या. डोळ्याच्या मागून एक जाड नस मेंदूकडं जाते, दिसलेलं सगळं तीच मेंदूला पोचवते. मेंदूवर जी आवरणं आहेत तीच या नसेवरही असतात, एकाच कापडाची बाही असावी तशी. कवटीत अचानक रक्त पसरलं की आतला दाब एकदम वाढतो. हाडाची कवटी, तिला फुगायला जागा नाही. तो दाब त्या बाहीतून डोळ्याच्या मागच्या बाजूपर्यंत येतो. तिथून रक्त परत नेणाऱ्या शिरा दबतात, आणि डोळ्याच्या पडद्यावरच्या केसासारख्या बारीक शिरा तटातट फुटतात. म्हणजे डोळ्यातलं रक्त डोळ्याचंच असतं, फक्त धक्का डोक्यातून आलेला असतो. ठिबकचंच बोलायचं तर एका टोकाला दाब चढला आणि दुसऱ्या टोकाचा कच्चा सांधा सुटला.

या पडद्याला डॉक्टर रेटिना म्हणतात. त्याच्या पुढं डोळा एका पारदर्शक गरानं भरलेला असतो, कच्च्या अंड्यातल्या पांढऱ्यासारखा. रक्त पडद्यावरच थोडंसं सांडलं तर माणसाला कधी कळतही नाही. ते त्या गरात मिसळलं की संपलं, सगळं गढूळ. कुणाला कोळ्याची जाळी दिसते, कुणाला काळे ठिपके तरंगताना दिसतात, कुणाला लाल धूर, कुणाला नुसता अंधार. दुखत काहीच नाही. बाहेरून डोळा स्वच्छ.

या दुखण्याला टर्सन सिंड्रोम म्हणतात. फ्रान्समधले डोळ्यांचे डॉक्टर आल्बेर टर्सन यांनी १९०० साली याचं वर्णन केलं. त्याआधी १८८१ मध्ये जर्मनीच्या मॉरिट्झ लिटेन या डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहून लिहून ठेवलं होतं. म्हणजे माहिती शंभर वर्षांहून जुनी आहे. मेंदूभोवती असा रक्तस्राव होऊन वाचलेल्यांत दहातल्या एकाला तरी डोळ्याच्या आत कमी-जास्त रक्त येतं, म्हणजे हे काही कोटीतलं एखादं दुखणं नव्हे. जितका रक्तस्राव मोठा आणि बेशुद्धी लांबलेली, तितकी शक्यता जास्त. टर्सन हा शब्द लक्षात ठेवायला अवघड आहे, पण लक्षात ठेवा. डोक्याचं ऑपरेशन करणारे जीव वाचवण्याच्या घाईत असतात, ते बरोबरच आहे. आपण एवढंच विचारायचं, "डॉक्टर, डोळ्याचा पडदा तपासलाय का? टर्सन तर नाही ना?"

आक्कांना डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले, दिव्यानं बघितलं. उजव्या डोळ्यात नुसतं रक्तच, मागचा पडदा दिसेना. मग डोळ्याची सोनोग्राफी केली, पोटाची करतात तशीच, मिटल्या पापणीवरून. पडदा जागेवर होता, सुटला नव्हता. हे फार महत्त्वाचं. पडदा सुटला असता तर एक दिवसही थांबता आलं नसतं. डाव्या डोळ्यातलं रक्त हळूहळू खाली बसत चाललं होतं.

इथं पुष्कळ जणींचा गोंधळ होतो म्हणून जरा थांबून सांगतो. रक्त थोडं असेल, दुसऱ्या डोळ्यानं भागत असेल आणि पडदा जागेवर असेल, तर डॉक्टर काही आठवडे, तीन महिनेसुद्धा वाट बघायला सांगतात. शरीर आपणच रक्त शोषून घेतं. झोपताना उशा जास्त घेऊन डोकं उंच ठेवायला सांगतात, म्हणजे गढूळ खाली बसतं. ही वाट बघणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे. दर तारखेला जाऊन दाखवायचं, पडदा ठीक आहे ना ते बघून घ्यायचं. पण दोन्ही डोळे भरले असतील, रक्त हटतच नसेल, किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर लवकर ऑपरेशन करतात. लहान मुलाचा डोळा फार दिवस झाकलेला राहिला तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही, म्हणून घाई.

आणि थेंबांनी हे रक्त जात नाही. औषधाच्या दुकानातल्या थेंबांनी नाही, मधानं नाही, कांद्याच्या रसानं नाही, एरंडेलानं नाही, बाळंतिणीच्या दुधानं तर नाहीच नाही. आक्कांच्या डोळ्यात शेजारणीनं मध घातला होता. दोन दिवस डोळा चुरचुरत राहिला, आतलं रक्त होतं तिथंच होतं.

ऑपरेशनला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागात सुईएवढी तीन छिद्रं पाडून तो गढूळ गर कापून ओढून घेतात आणि त्या जागी स्वच्छ पाण्यासारखं द्रव सोडतात. रॉबर्ट मॅकेमर नावाच्या डॉक्टरांनी १९७० च्या सुमाराला अमेरिकेत ही पद्धत सुरू केली. त्याआधी असा डोळा भरला की रक्त आपोआप हटण्याची वाट बघण्यापलीकडं हातात फारसं काही नव्हतं. मोतीबिंदूच्या शिबिरात हे ऑपरेशन होत नाही, पडद्याचा खास डॉक्टर लागतो. आमच्या भागातून त्यासाठी मोठ्या शहराला जावं लागतं. आधी मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी लागते, की ऑपरेशनला हरकत नाही. बीपी काबूत लागतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ती आपल्या मनानं बंद करायची नाही, दोन्ही डॉक्टरांना विचारूनच. खर्चाचं महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, कोणत्या दवाखान्यात बसतं, ते तिथल्या आरोग्यमित्राला आधी विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा. आक्कांचं एका धर्मादाय दवाखान्यात कमी खर्चात झालं, तरी जाण्या-येण्याला आणि राहण्याला दोन शेळ्या गेल्या.

अक्षयतृतीयेच्या आधी चार दिवस उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा आक्का म्हणाल्या, "पंखा फिरतोय." सून रडायला लागली. नजर लगेच पुरती येत नाही, डोळा लाल असतो, पाणी येतं, टोचतं. सव्वा महिन्यानं त्यांनी चष्मा लावून बसची पाटी वाचली. वर्षभरानं त्याच डोळ्यात मोतीबिंदू झाला. या ऑपरेशननंतर तो पुष्कळांना होतो, हे आधीच सांगितलं होतं. त्याचंही ऑपरेशन झालं. डावा डोळा आपणच निवळला, पण मधोमध एक फिकट डाग राहिला, तो आहेच. सुईत दोरा ओवता येत नाही. बाकी सगळं करतात.

सगळ्यांचंच असं होतं असं समजू नका. मेंदूतल्या रक्तस्रावानंतर दिसेनासं होण्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि ज्याचं त्याचं औषध वेगळं. आमच्या खालच्या आळीतल्या एका तात्यांचं ऐका. बीपीनं मेंदूच्या आतच उजव्या बाजूला रक्तस्राव झाला. डोळ्यांत काहीच नव्हतं, पडदा स्वच्छ. पण जेवायला बसले की चिडायचे, "मीठ नाही, चटणी नाही, लिंबू नाही!" बायको म्हणायची, अहो, वाढलंय की. आपल्याकडं मीठ, लिंबू, चटणी ताटाच्या डावीकडं वाढतात. तात्यांना डावीकडचं दिसतच नव्हतं. भाजी संपायची, भाकरीचा अर्धा तुकडा तसाच. दाराच्या डाव्या चौकटीला खांदा आपटायचा. घरच्यांनी दोनदा चष्मा बदलला, पैसे वाया गेले. चष्म्यानं काय होणार? बिघाड डोळ्यात नव्हता, दिसलेलं ओळखणाऱ्या मेंदूच्या भागात होता. अशा वेळी दोन्ही डोळ्यांची एकच बाजू जाते. काहींना तर ती बाजू आहे हेच आठवत नाही.

याला डोळ्याचं ऑपरेशन नाही. पहिल्या काही महिन्यांत थोडं आपोआप सुधारतं, पुढं फारसं नाही. पण शिकवता येतं. तात्यांची सून आता ताटाच्या डाव्या कडेला तांबडा चमचा ठेवते आणि म्हणते, "तांबडं दिसेपर्यंत मान वळवा." पोथी वाचताना डाव्या कडेला तांबडी फीत लावतात, तिथून ओळ सुरू करायची. खाट अशी फिरवली की दार उजवीकडं येईल. बोलताना मात्र मुद्दाम डावीकडून हाक मारतात, म्हणजे मान वळायची सवय लागते. मोटारसायकल बंद केली. त्यावरून घरात महिनाभर भांडण झालं, ते व्हायचंच होतं.

आणखी एक प्रकार म्हणजे एकाचे दोन दिसणे. डोळा फिरवणाऱ्या नसेला धक्का बसला की असं होतं. एक डोळा झाकला की एकच दिसतं, ही त्याची खूण. काही दिवस एका डोळ्यावर पट्टी बांधून भागवतात, कोणता डोळा किती वेळ झाकायचा ते डॉक्टर सांगतील. यातली एक गोष्ट मात्र फार धोक्याची. धडधाकट माणसाची पापणी अचानक खाली पडली, डोळा बाहेरच्या बाजूला वळला, त्या डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी झाली आणि डोकं दुखतंय, तर तो धमनीतला फुगवटा फुटायच्या आधीचा इशारा असू शकतो. तेव्हा डोळ्याच्या दवाखान्यात नंबर लावत बसायचं नाही, सरळ मोठ्या दवाखान्यात.

आता नातीनं केलेली तपासणी. ज्या घरात मेंदूचा रक्तस्राव होऊन माणूस परत आलंय, त्या घरात आजच संध्याकाळी करून बघा. माणसाला उजेडात, पण उजेड पाठीमागून येईल असं बसवा. चष्मा असेल तर लावू द्या. आपण समोर हातभर अंतरावर बसायचं. त्यांचा एक डोळा तळव्यानं झाकायचा, दाबायचा नाही, आणि बोटांच्या फटीतून बघत नाहीत ना ते बघायचं. बोटं विचारायची, मग आपला चेहरा पूर्ण दिसतो का ते विचारायचं, काही तरंगतंय का, धूर आहे का. मग दुसरा डोळा. दोन्ही डोळ्यांनी एकदम बघितलं तर चांगला डोळा वाईट डोळ्याला झाकून घेतो, म्हणून वेगवेगळं. त्यानंतर दोन्ही डोळे उघडे ठेवून म्हणायचं, "माझ्या नाकाकडं बघा." आपले दोन्ही हात बाजूला पसरून कधी डाव्या, कधी उजव्या हाताची बोटं हलवायची, वरही आणि खालीही, आणि कुठं हललं ते विचारायचं. एका बाजूचं सारखं चुकत असेल तर तात्यांसारखं असू शकतं. बोलता येत नसेल त्यानं हातानं दाखवावं. ही काही डॉक्टरांची तपासणी नव्हे, आणि यात सगळं ठीक आलं तरी पडदा एकदा दाखवायचाच. पण यात काही चुकलं तर एक आठवडाही थांबायचं नाही. आणि डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखी सावली आली, विजेसारखे चमकारे दिसले, डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर त्याच दिवशी. पुन्हा तीव्र डोकं दुखलं, उलट्या झाल्या, ग्लानी आली, तर १०८.

एवढं करूनही ज्यांची नजर परत येत नाही त्यांनी अपंगत्वाचा दाखला काढून घ्यावा. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व भरलं तर योजनांसाठी अर्ज करता येतो. तालुक्याला एकटं जाऊ नका, आमच्यातली एक बरोबर येईल.

आक्कांच्या वहीचं राहिलं. नजर आल्यावर आम्ही त्यांच्याकडं गेलो, चुकलो म्हणालो, वही परत देऊ केली. त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, "आता जी लिहितेय ती चांगलं लिहितेय, तिच्याकडून काढून घेऊ नका. पण दर महिन्याला मला दाखवायची." दाखवतो. मागच्या महिन्यात त्यांनी बेरजेतली चाळीस रुपयांची चूक काढली.

पुढच्या गुरुवारी दुपारी दोन वाजता आम्ही केंद्रावर बसणार आहोत. ज्यांच्या घरी दवाखान्याची इंग्रजी कार्डं आहेत त्यांनी ती घेऊन या. शाळेतल्या बाई येणार आहेत, खालच्या बारीक ओळीपर्यंत सगळं वाचून मराठीत लिहून देतील. बीपीचं मशीन घेऊन आशाताईही असतील. नमस्कार.